अडकलेला ब्राउझर मूळ सेटिंगवर कसा आणायचा: आधी काय तपासावं, काय जपावं

ब्राउझर उघडायला मिनिटभर लागतं. गुगलवर काही शोधायला जावं तर भलतंच शोधयंत्र पुढे येतं. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले’ असे चौकोन उमटत राहतात. मध्येच एखादं पान सगळा पडदा व्यापून बसतं आणि काही केल्या बंद होत नाही. यातली कुठलीही तक्रार घेऊन दुरुस्तीला गेलं की बरेचदा एकच उपाय सांगितला जातो, फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने बसवणं. त्याची गरज क्वचितच पडते. ब्राउझर होता तसा, म्हणजे नवा बसवल्यावर असतो तसा करायची सोय ब्राउझरमध्येच दिलेली आहे. तिला रिसेट म्हणतात. ती फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते.

मी गोव्यातल्या फोंड्यात संगणक शिकवतो आणि ओळखीपाळखीच्या लोकांची अशी अडलेली यंत्रं बघतो. त्यावरून एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. रिसेटचं बटण दाबायला पाच मिनिटं लागतात, पण त्याआधी अर्धा तास काढा. त्या अर्ध्या तासात एक तर रिसेटची गरजच नाही असं कळतं, नाहीतर रिसेटनंतर होणारी रडारड टळते.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

तेच पान संगणकावरच्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. क्रोम वापरत असाल तर एजमध्ये, एज वापरत असाल तर फायरफॉक्समध्ये. मग घरच्याच वायफायवर मोबाइलमध्येही उघडा. सगळीकडे तितकंच रखडत असेल तर ब्राउझरला बोल लावण्यात अर्थ नाही, दोष जोडणीचा आहे. जूनपासून आपल्याकडे वीज जाते-येते, त्या झटक्यांत राउटर अर्धवट जागा होतो. दिवे सगळे हिरवे दिसतात, पण पानं उघडत नाहीत. राउटरचा प्लग काढून मिनिटभर थांबा, पुन्हा लावा आणि तो पूर्ण चालू होईपर्यंत वाट बघा.

पावसाळ्यात हमखास येणारी आणखी एक तक्रार आहे. एकही साइट उघडत नाही, जिथेतिथे ‘तुमची जोडणी खासगी नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी इशारा येतो. माणूस घाबरतो आणि ब्राउझर काढून पुन्हा बसवतो. तरी इशारा तसाच. अशा वेळी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. यंत्राची वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम तो करतो. तो संपला की लाईट गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ब्राउझर ती संगणकाच्या तारखेशी ताडून बघतो. तारीखच चुकीची असेल तर प्रमाणपत्र अवैध ठरतं आणि साइट अडवली जाते. तारीख नीट केली की सगळं सुरळीत होतं, सेल बदलला की कायमचं. इथे रिसेट करून काडीचाही उपयोग नाही.

दुसऱ्या ब्राउझरमध्ये सगळं झटपट चालतंय आणि नेहमीच्याच ब्राउझरमध्ये रखडतंय, असं दिसलं तर मग त्याच्या पोटात शिरायचं. पहिली चाचणी इनकॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकीची. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबा, फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. या खिडकीत तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, चालत नाहीत, आणि जुन्या कुकीज, म्हणजे लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला साइटांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी, त्याही वापरल्या जात नाहीत. इथे पान पटकन उघडलं, तर दोष एक्सटेन्शनमध्ये किंवा साठलेल्या माहितीत आहे हे जवळजवळ नक्की झालं.

क्रोममध्ये याहून नेमकं उत्तर मिळतं. शिफ्ट दाबून धरा आणि एस्केप दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. विंडोजचा तो वेगळा, हा फक्त ब्राउझरपुरता. यात प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्सटेन्शन किती मेमरी खातंय, प्रोसेसर किती वापरतंय, ते वेगवेगळ्या ओळीत दिसतं. ‘मेमरी फूटप्रिंट’ या मथळ्यावर क्लिक केलं की सगळ्यांत खादाड ओळ वर येते. कूपन शोधून देणारं, पीडीएफ बदलून देणारं, व्हिडिओ उतरवून देणारं कुठलं तरी एक्सटेन्शन कधीतरी कामापुरतं घेतलेलं असतं. काम झालं तरी ते तिथेच बसून असतं. ते एकटं काढून टाकलं की बरेचदा काम भागतं.

‘व्हायरस सापडले’ सांगणारे चौकोन

या एका प्रकारावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सर्वाधिक माणसं इथेच फसतात.

आमच्या वाड्यावर एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाईच म्हणतात. भजनी मंडळासाठी अभंग उतरवून घ्यायचे, त्यांची प्रत काढायची, हे काम त्या संगणकावर करतात. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. ‘अरे, संगणकात व्हायरस शिरलाय म्हणून सारखं सांगतंय. पैसे भरले की जाईल म्हणे. भरू का?’

‘बाई, कुठेच दाबू नका. मी येतो.’

जाऊन बघितलं तर उजव्या खालच्या कोपऱ्यात एकावर एक चौकोन. लाल ढाल, त्यावर उद्गारचिन्ह, खाली ‘आताच नूतनीकरण करा’ अशा अर्थाचं बटण. पण चौकोनाच्या कडेला बारीक अक्षरात एका साइटचा पत्ता होता आणि क्रोमचं छोटं चिन्ह होतं. सगळी गोम त्या बारीक अक्षरात असते. संगणकातल्या खऱ्या अँटिव्हायरसने दिलेल्या इशाऱ्यावर कुठल्या साइटचा पत्ता नसतो. हे चौकोन म्हणजे एका साइटने पाठवलेली नोटिफिकेशन होती. बाईंनी कधीतरी गाण्याचे बोल शोधताना एक पान उघडलं होतं. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा’ असं त्यावर लिहिलेलं होतं, आणि त्यांनी ते दाबलं. रोबोची ती परीक्षा नव्हतीच. नोटिफिकेशन पाठवायची परवानगी काढून घ्यायची ती युक्ती होती. संगणकात व्हायरस मुळात नव्हताच.

उपाय असा. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन उभे ठिपके असतात, तिथून सेटिंग्ज उघडा. डावीकडे ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’. खाली सरकत गेलं की परवानगी दिलेल्या साइटांची यादी दिसते. ओळखीचं नसलेलं जे जे नाव दिसेल त्याच्यासमोरचे तीन ठिपके दाबून ‘ब्लॉक’ करा. ‘रिमूव्ह’ केलं तर ती साइट पुढच्या खेपेला पुन्हा विचारू शकते, म्हणून अनोळखी नावांना ब्लॉकच बरं. मेल आणि एखादं कामाचं ॲप सोडलं तर कुणालाच ही परवानगी द्यायची गरज नाही, असं माझं मत आहे. बातम्यांच्या साइटांनाही नाही. त्याच पानावर वर ‘साइटांना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ अशा अर्थाचा पर्याय आहे. तो निवडून ठेवला की पुढे कुणी विचारणारच नाही. बाईंच्या यंत्रावर ती साइट ब्लॉक केली, हा पर्यायही निवडला, चौकोन थांबले, आणि रिसेट करावं लागलं नाही.

एजमध्येही नोटिफिकेशनची परवानगी सेटिंग्जमधल्या साइट परवानग्यांत मिळते. फायरफॉक्समध्ये ती ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ पानावर ‘परमिशन्स’ या भागात आहे.

पडदा अडवून बसलेलं पान

हा प्रकार जास्त भीतीदायक. सगळा पडदा भरून एक पान, कर्णकर्कश आवाज, ‘संगणक लॉक झाला आहे, या क्रमांकावर फोन करा.’ त्या क्रमांकावर फोन करू नका. मायक्रोसॉफ्ट किंवा गुगल इशाऱ्यात कधीही फोन नंबर देत नाहीत.

एस्केपची कळ दोन-तीन सेकंद दाबून धरा, पडदा मोकळा होतो. नाही झाला तर एफ ११ दाबा, मग ऑल्ट आणि एफ ४. तरीही हटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, यादीत ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर ‘आधीची पानं परत उघडू का’ असं विचारेल, त्याला नाही म्हणा. हो म्हटलंत तर तेच पान पुन्हा पुढ्यात येईल.

कुणी त्या नंबरवर आधीच फोन केला असेल आणि समोरच्याच्या सांगण्यावरून दूरनियंत्रणाचं ॲप बसवलं असेल, तर पहिलं काम नेट तोडायचं. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तक्रार जितकी लवकर नोंदवली जाईल तितकी रक्कम वाटेत रोखली जाण्याची शक्यता जास्त असते, म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. ब्राउझरचं रिसेट वगैरे सगळं त्यानंतर.

रिसेटच्या आधीची पायरी

एखाददुसरी साइटच बिघडल्यासारखी दिसते, चित्रं अर्धवट येतात, जुनंच पान दिसत राहतं, असं असेल तर कंट्रोल आणि एफ ५ दाबून बघा. त्याने भागलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट, डिलीट दाबा, कालावधी ‘ऑल टाइम’ निवडा आणि फक्त साठवलेल्या चित्रं-फायलींसमोर, म्हणजे कॅशेसमोर, टिक ठेवा. बाकीच्या टिका काढा. याच खिडकीत खाली पासवर्ड पुसण्याचाही चौकोन असतो, त्याला हात लावू नका.

काय जपून ठेवायचं

इतकं करूनही शोधयंत्र बदललेलंच राहतं, पहिलं पान भलतंच उघडतं, तर रिसेट करायलाच हवं.

क्रोम आणि एजच्या रिसेटमध्ये सुरुवातीचं पान, नव्या टॅबचं पान, शोधयंत्र आणि पिन केलेले, म्हणजे पट्टीवर कायम लावून ठेवलेले, टॅब मूळ अवस्थेत येतात. साइटांना दिलेल्या परवानग्या जातात. सगळी एक्सटेन्शन बंद होतात. कुकीज पुसल्या जातात. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड मात्र राहतात. मग भीती कशाची? कुकीज गेल्या म्हणजे सगळ्या साइटांमधून तुम्ही बाहेर पडलात. दोन-तीन वर्षं जीमेल उघडंच असतं, पासवर्ड कधी टाकावा लागलेला नसतो, आणि तो ब्राउझरमध्येही साठवलेला नसतो. आता तो विचारला जातो. आठवत नाही. ओटीपी जातो तो जुन्या नंबरवर, जो कधीच बंद झाला. माणूस स्वतःच्याच खात्याबाहेर उभा राहतो.

म्हणून रिसेटआधी वही घेऊन बसा. जी खाती तुम्ही खरोखर वापरता, मेल, बँक, रेल्वे तिकिटं, सरकारी पोर्टलं, मुलांच्या शाळेचं, त्या प्रत्येकाचं लॉगिन नाव लिहा. पासवर्ड आठवतो का ते इनकॉग्निटो खिडकीत प्रत्यक्ष लॉगिन करून बघा. मेलला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, याची खात्री करा. व्हॉट्सॲप वेब मोबाइलवरून पुन्हा जोडावं लागेल, तेव्हा मोबाइल हाताशी असू द्या.

पासवर्ड राहतात हे खरं, तरी एक प्रत काढून ठेवलेली बरी. क्रोममध्ये पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये ‘एक्सपोर्ट’ आहे. त्यातून तयार होणारी फाईल कुणालाही उघडून वाचता येते, कुठलंही कुलूप तिला नसतं. काम झालं की ती पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. पेनड्राइव्हवर ठेवून तो पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेऊ नका. बुकमार्कसाठी बुकमार्क मॅनेजर उघडून तीन ठिपक्यांतून ‘एक्सपोर्ट बुकमार्क्स’ करा. यात गुपित काही नसतं, ती फाईल कुठेही ठेवा.

पिन केलेले टॅब आणि चालू एक्सटेन्शनची नावं, यांचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. मराठी टंकनासाठी एखादं एक्सटेन्शन वापरत असाल तर तेही रिसेटमध्ये बंद होणार, हे लक्षात ठेवा. बातम्या पाठवणाऱ्या, नाटकांच्या संहिता टंकणाऱ्या मंडळींना हे नंतर कळतं आणि मराठीच गेली म्हणून ती हवालदिल होतात. मराठी गेलेली नसते, एक्सटेन्शन पुन्हा चालू करावं लागतं. खरं तर विंडोजमध्येच मराठीचा कळफलक मिळतो. सेटिंग्जमधल्या भाषेच्या भागात मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे टंकायची, अशा दोन्ही मांडण्या मिळतात. ब्राउझरवर अवलंबून राहावं लागत नाही, वर्डमध्येही चालतं. जमल्यास तीच सवय लावा.

आणि वेळ बघा. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात-जातात, तेव्हा मडगाव किंवा थिवीहून तत्काळ तिकीट काढायची धांदल असते. वातानुकूलित डब्यांचं तत्काळ सकाळी १० वाजता उघडतं, बाकीचं ११ वाजता. पावणेदहाला ब्राउझर रखडतोय म्हणून रिसेट करू नका. त्या क्षणी दुसरा ब्राउझर किंवा मोबाइल वापरा, रिसेट दुपारी निवांत करा.

क्रोम आणि एज

खात्याचं सिंक चालू असेल तर आधी ते बंद करा. सिंकमुळे तुमची सेटिंग्ज घरच्या आणि दुकानातल्या संगणकांत एकमेकांकडे जात असतात. एका यंत्रावर सफाई चालली असताना दुसऱ्यावरची घाण परत इकडे यायला नको. दोन्ही यंत्रं साफ झाल्यावरच सिंक पुन्हा चालू करा.

मग उघडलेल्या टॅबमधलं अर्धवट काम साठवा. तीन ठिपके, सेटिंग्ज, डावीकडच्या यादीत खालच्या बाजूला ‘रिसेट सेटिंग्ज’. त्यात ‘रिस्टोअर सेटिंग्ज टू देअर ओरिजिनल डीफॉल्ट्स’ दाबा. काय काय जाणार ते सांगणारी एक छोटी खिडकी येते. ती वाचा, मग ‘रिसेट सेटिंग्ज’ दाबा. काही सेकंदांत काम होतं. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. डावीकडची यादी लांबलचक वाटली तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘रिसेट’ असं इंग्रजीत टाका, हवी ती ओळ समोर येते. हीच युक्ती एजमध्येही चालते. तिथे ठिपके आडवे असतात, आणि ओळ ‘रिस्टोअर सेटिंग्ज टू देअर डीफॉल्ट व्हॅल्यूज’ अशी असते. बाकी कृती तीच.

एक्सटेन्शन रिसेटमध्ये बंद होतात, पुसली जात नाहीत. म्हणून रिसेट झाल्यावर लगेच एक्सटेन्शनचं पान उघडा आणि नको असलेली ‘रिमूव्ह’ करा. ही अर्धी राहिलेली पायरी बरेचजण विसरतात.

फायरफॉक्स

फायरफॉक्समध्ये याला ‘रिफ्रेश’ म्हणतात आणि त्याची रीत मला जास्त आवडते. तीन आडव्या रेघा, ‘हेल्प’, मग ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’. उजवीकडे ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ बटण. एक्सटेन्शन आणि थीम पूर्ण काढली जातात, बदललेली सेटिंग्ज आणि साइटांच्या परवानग्या जातात. बुकमार्क, हिस्टरी, पासवर्ड आणि कुकीज राहतात, त्यामुळे बऱ्याच साइटांवर लॉगिन टिकतं. तुम्ही शुद्धलेखनाच्या शब्दकोशात घातलेले स्वतःचे शब्दही राहतात, हे मराठीत लिहिणाऱ्याला फार सोयीचं.

डेस्कटॉपवर ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाचं एक फोल्डर तयार होतं. त्यात जुनी सगळी माहिती असते, पासवर्डसकट. आठवडाभर सगळं नीट चाललं की ते पुसा. कार्यालयातला किंवा वाचनालयातला सामायिक संगणक असेल तर त्याच दिवशी पुसा.

त्याच ‘हेल्प’मध्ये ‘ट्रबलशूट मोड’ आहे. तो एक्सटेन्शन तात्पुरती बंद ठेवून फायरफॉक्स उघडतो. रिफ्रेशआधी यात चालवून बघितलं की दोषी कोण ते कळतं.

मॅकवरच्या सफारीत असं एकच बटण नाही. तिथे एक्सटेन्शन काढणं, हिस्टरी आणि साइटांची माहिती पुसणं, ही कामं वेगवेगळी करावी लागतात.

रिसेट झाल्यावर

पहिल्या दिवशी एकही एक्सटेन्शन चालू करू नका. ब्राउझर असाच किती हलका चालतो ते बघा. मग खरोखर लागणारं एक चालू करा, दोनेक दिवस वापरा, मग दुसरं. पुन्हा मंदावला तर शेवटी चालू केलेलंच दोषी, शोधत बसावं लागत नाही.

परवानग्या गेल्यामुळे काही कामं अडतील, ते स्वाभाविक आहे. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, बँकेचं स्टेटमेंट, परीक्षेचं प्रवेशपत्र, अशा गोष्टी बऱ्याच पोर्टलांवर नव्या खिडकीत उघडतात. ब्राउझर ती पॉपअप समजून अडवतो. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला अडवलेल्या खिडकीचं बारीक चिन्ह आलंय का बघा. त्यावर क्लिक करून त्या एका साइटला परवानगी द्या. सगळ्या साइटांसाठी पॉपअप उघडे ठेवू नका. व्हिडिओ कॉलसाठी माइक-कॅमेऱ्याचीही परवानगी पुन्हा विचारली जाईल. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्या सीए, वकील आणि कंत्राटदारांनी त्यासाठीचं एक्सटेन्शन चालू झालंय ना, हे भरणा करायच्या शेवटच्या तारखेच्या आधीच बघून घ्यावं.

तरीही तेच पान परत येत असेल तर

दोषाचं मूळ ब्राउझरच्या बाहेर आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडा, यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेलं अनोळखी काही दिसतंय का? फुकट व्हिडिओ प्लेयर किंवा ‘ड्रायव्हर अपडेटर’सोबत अशा गोष्टी आत येतात. काढून टाका.

डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. ‘टार्गेट’च्या चौकटीत ओळ ब्राउझरच्या फाइलनावापाशी संपायला हवी. पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो खोडा. नाहीतर ते चिन्हच काढून नवं करा.

क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या यादीत अगदी खाली ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ दिसते का? कार्यालयाचा किंवा शाळेचा संगणक असेल तर ते योग्यच आहे, तिथल्या संगणक विभागाला विचारल्याशिवाय काही करू नका. घरच्या संगणकावर ही ओळ अनपेक्षित दिसली तर सावध व्हा. काही अँटिव्हायरसही ही ओळ आणतात, पण घातक प्रोग्रामही याच मार्गाने एक्सटेन्शन घट्ट बसवतात. मग ते एक्सटेन्शन काढायचं बटणच फिकं पडलेलं असतं आणि रिसेटलाही ते दाद देत नाही.

अशा वेळी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधल्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलं सापडतं. साधारण पंधरा मिनिटं लागतात. वीज जाण्याची भीती असेल तर लॅपटॉप चार्ज करून किंवा यूपीएसवर करा. क्रोममध्ये पूर्वी सफाईचं स्वतःचं साधन होतं, ते २०२३ मध्ये काढून टाकलं. जुन्या लेखांत त्याचा उल्लेख सापडला तर शोधत बसू नका. आणि त्या नावाने कुणी ‘क्लीनर’ उतरवायला सांगत असेल तर मुळीच उतरवू नका.

सगळेच ब्राउझर ‘प्रॉक्सी सर्व्हर’ची, म्हणजे नेटकडे जाताना वाटेत लागणाऱ्या मधल्या संगणकाची, तक्रार करत असतील तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘प्रॉक्सी’ उघडून हाताने घातलेला प्रॉक्सी बंद करा.

मोबाइलवर

अँड्रॉइडवरच्या क्रोमसाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, ‘क्रोम’, ‘स्टोरेज’ असं जा आणि आधी फक्त ‘क्लिअर कॅशे’ करा. ‘मॅनेज स्पेस’मधलं ‘क्लिअर ऑल डेटा’ हे खरं रिसेट. त्यात फोनवरचं सगळं जातं, गुगल खात्यात साठवलेलं नसेल तर बुकमार्क आणि पासवर्डही. संगणकावरच्या रिसेटपेक्षा हे जास्त कडक आहे, म्हणून सिंक झालंय याची खात्री करूनच करा. मोबाइलवर सतत येणाऱ्या खोट्या इशाऱ्यांचं मूळही बहुतेकदा बाईंच्या संगणकावर होतं तेच, नोटिफिकेशनची परवानगी. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये ‘क्लिअर हिस्टरी अँड वेबसाइट डेटा’ आहे. त्याने बुकमार्क जात नाहीत, लॉगिन मात्र जातात.

यंत्रच थकलं असेल तर

रिसेट झालं, संगणकात घाण नाही, तरी दहा टॅब उघडले की सगळं गोठतं. अशा वेळी मेमरी बघा. ४ जीबी रॅमवर आजचा ब्राउझर दमतो. क्रोमच्या ‘परफॉर्मन्स’ सेटिंगमधला ‘मेमरी सेव्हर’ किंवा एजमधले ‘स्लीपिंग टॅब्स’ चालू केल्याने थोडा दिलासा मिळतो. यंत्रात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्यावर जो फरक पडतो तो कुठल्याही रिसेटने पडणार नाही.

विंडोज ७ किंवा ८.१ वर असाल तर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, त्यापुढची त्यावर चालत नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ७ वर बँकेची साइट ‘ब्राउझर जुना आहे’ म्हणून अडवत असेल, तर तो अडथळा सेटिंगने दूर होणार नाही. बँकेचं काम तूर्त अद्ययावत मोबाइलवरून करा. आणि ‘ब्राउझर अपडेट करा’ असं एखादं पान सांगत असेल तर त्यावरचं बटण दाबू नका. खरं अपडेट ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट गुगल क्रोम’ उघडल्यावर आपोआप तपासलं जातं आणि तिथूनच बसतं.